रूळ निघाल्यावर उरते ती वाट



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा "बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरच्या पायवाटा" असे मी सांगितले. ते थोडे गप्प झाले, मग म्हणाले, "आम्हाला वाटलं, तुम्ही बोनसवर बोलाल." बोनसवर मी तीस वर्षे बोलत आलो आहे. ज्या कारखान्यांच्या फाटकांवर बोललो त्यांतले बहुतेक कारखाने आज जागेवर नाहीत. तेव्हा एक संध्याकाळ चालण्यावर बोललो, तर चळवळीचे काही मोठे नुकसान होईल असे मला वाटत नाही.

मी इतिहाससंशोधक नाही आणि इंजिनियरही नाही. रात्रशाळेतून मॅट्रिक झालो आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत. पण रेल्वेच्या वाटेशी माझा संबंध जन्माचा आहे. माझे वडील लाइनीवर होते. आधी गँगमन, पुढे चावीवाला. चावीवाला म्हणजे काय, हे लोकलने रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांनाही ठाऊक नसते. रोज सकाळी खांद्यावर हातोडा आणि हातात लाल-हिरवी निशाणे घेऊन पाच-सहा किलोमीटर रुळांमधून चालत जायचे, ढिली झालेली प्रत्येक चावी ठोकून बसवायची, तडकलेली पट्टी दिसली तर निशाण दाखवून गाडी थांबवायची, आणि तेवढेच अंतर चालत परत यायचे. ऊन असो, पाऊस असो. निवृत्त झाल्यावर त्यांना डॉक्टरांनी सांगितले, रोज थोडे चालत जा. ते हसले. पण खरी गोष्ट अशी की, निवृत्तीनंतर त्यांना चालायला जागाच सापडली नाही. आमच्या गल्लीत रिक्षा उभ्या, पदपथावर खोदकाम, आणि मैदानाला कुलूप.

ते एक गोष्ट नेहमी सांगत. "रेल्वेची वाट म्हाताऱ्याच्या गुडघ्याला बरी." यात मोठे शास्त्र आहे. आगगाडीच्या चाकाची रुळावर पकड कमी, म्हणून तिला चढ सोसत नाही. साध्या मार्गावर शंभर पावले चालल्यावर एक पाऊल चढ, हाच पुष्कळ समजतात. खंडाळ्याच्या घाटात ३७ फुटांना १ फूट चढ आहे, तर तिथे गाडीला मागून आणखी इंजिने लावावी लागतात. म्हणून रेल्वे बांधणारा माणूस टेकडी आली की ती कापतो, खळगा आला की भराव घालतो, आणि वळण आले की ते लांबवर, सावकाश नेतो. बैलगाडीचा रस्ता डोंगराशी जुळवून घेतो. रेल्वेसाठी डोंगराला जुळवून घ्यावे लागते. रूळ आणि स्लीपर उचलले, खडी काढून मुरूम दाबला, म्हणजे मागे राहते ती अशी वाट की जिच्यावर म्हातारा माणूस, बाबागाडी ढकलणारी आई आणि चाकाच्या खुर्चीतला अपंग, तिघेही दम न लागता जाऊ शकतात. हजारो मजुरांनी केलेले हे सपाटीकरण कोणत्याही बागेच्या कंत्राटदाराला आज परवडणार नाही. ते आधीच झालेले असते, आणि त्याचे दाम चुकते झालेले असतात. कुणी चुकते केले, त्याकडे मी पुढे येणार आहे.

बाहेरच्या देशांत हे काम साठ वर्षांपूर्वी सुरू झाले. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात एल्रॉय ते स्पार्टा हा ३२ मैलांचा मार्ग मोटारी आल्यावर ओस पडला. राज्य सरकारने तो विकत घेतला आणि १९६७ साली सायकलींना आणि पायी चालणाऱ्यांना खुला केला. त्यात तीन बोगदे आहेत. आत शिरताना सायकलीवरून उतरून कंदील घेऊन चालावे लागते. इंग्लंडात १९६३ साली बीचिंग नावाच्या साहेबांनी अहवाल लिहिला आणि दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करण्याची शिफारस केली. पुष्कळशी बंद झालीही. त्या काळात ओस पडलेल्या मार्गांपैकी डर्बीशायरमधल्या एका मार्गावर १९७१ साली टिसिंग्टनची वाट झाली. पॅरिसमध्ये बास्तीयहून निघणारी गाडी १९६९ साली थांबली, आणि १९९३ साली तिच्या कमानींवर झाडांची वाट पुरी झाली. याद आणखी लांबवता येईल. ती लांबवून मी तुमचा वेळ घेत नाही.

मला यातली एकच गोष्ट विशेष महत्त्वाची वाटते. अमेरिकेने १९८३ साली कायद्यात एक तरतूद केली. रेल्वे कंपनीने मार्ग सोडला तरी त्या जमिनीचे तुकडे करून वाटायचे नाहीत. पट्टा सलग ठेवायचा, त्यावर लोकांना चालू द्यायचे, आणि उद्या पुन्हा गाडीची गरज पडली तर तोच पट्टा गाडीसाठी परत घ्यायचा. कुणब्याच्या घरी बियाणे वेगळे बांधून ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. लोकांची पावले ही त्या पट्ट्याची राखण. जिथे रोज हजार माणसे फिरायला येतात तिथे रातोरात कुंपण घालणे अवघड जाते.

आता आपल्या घरी या. अंधेरीत राहणारे पुष्कळ लोक इथे बसले असतील. अंधेरीहून कुर्ल्यावरून थेट ट्रॉम्बेपर्यंत आगगाडी जात होती, हे किती जणांना माहीत आहे? हात वर करा. तीन. ठीक आहे, मागच्या वेळी एकच होता.

१९२८ साली जी. आय. पी. रेल्वेने साष्टी–ट्रॉम्बे रेल्वे सुरू केली. लांबी १३ किलोमीटर. पश्चिमेच्या लाइनीवरचे अंधेरी एका टोकाला, पूर्वेच्या खाडीकाठचे ट्रॉम्बे दुसऱ्या टोकाला. म्हणजे उपनगरांना आडवी जोडणारी गाडी. मुंबईची सगळी रेल्वे दक्षिणोत्तर, उभी. आडवे कुणी जायचे असेल तर त्याने दादरला जाऊन परत फिरावे, हा आपला शतकाचा हिशेब. त्या काळी ही एक आडवी रेघ काढली गेली. आणि १९३४ साली, अवघ्या सहा वर्षांत, ती पुसली गेली. रूळ निघाले. आज अंधेरीपासून ट्रॉम्बेपर्यंत त्या मार्गाने सलग चालता येत नाही. मधल्या मुलखात विमानतळ झाला, गोदामे झाली, कारखाने झाले, वस्त्या झाल्या, मोठाले रस्ते झाले. ज्या पट्ट्यावरून गाडी जात होती तो पट्टा पाण्यात पडलेल्या मिठाच्या खड्याप्रमाणे शहरात विरघळून गेला.

यात एक गंमत आहे. त्याच बाजूला दुसरी एक लाइन होती, कुर्ला ते चेंबूर. ती १९०६ साली घातली ती माणसांसाठी नव्हे, तर शहराचा कचरा वाहून नेण्यासाठी. कचऱ्याच्या गाड्या जात. १९२४ साली तीवरून उतारू जाऊ लागले. ती लाइन जगली, पुढे मानखुर्दला गेली, आणि आज हार्बरच्या गाड्यांनी लाखो लोक तिच्यावरून कामाला जातात. माझे वडील त्याच लाइनीवर होते. त्यांच्या तरुणपणी एक म्हातारा मुकादम त्यांना कुर्ल्याजवळ बोट दाखवून म्हणे, "इथून अंधेरीची लाइन फुटत होती." वडिलांना ती थापच वाटायची. मी वाचनालयात जुन्या नकाशात ती रेघ पाहून आलो आणि त्यांना सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "मुकादमाची माफी मागायला पाहिजे होती." मुकादम तोवर वारलेला होता.

म्हणजे, कचऱ्यासाठी घातलेली लाइन राहिली आणि माणसांसाठी घातलेली गेली. गेली तर गेली. पैसा निघत नसेल, तर गाडी बंद पडते, हे मी कामगारांचा माणूस असूनही समजू शकतो. पण पट्टा का जाऊ दिला? अंधेरीहून पूर्वेला रुळांवरून पुन्हा उतारू जाऊ लागले ते ८ जून २०१४ रोजी, वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हा. मधे ऐंशी वर्षे गेली. आणि तेवढ्या ११ किलोमीटरसाठी काय करावे लागले ते अंधेरी–कुर्ला रस्त्यावर त्या काळात बसमध्ये बसलेला प्रत्येक माणूस सांगेल. हजारो कोटी रुपये, आणि डोक्यावर खांब. १९३४ साली कुणी शहाण्या माणसाने म्हटले असते की, रूळ न्या पण जमीन हलवू नका, तिच्यावर झाडे लावा आणि लोकांना फिरू द्या, तर दोन पिढ्या तिथे सावलीत चालल्या असत्या आणि पुढे गाडीलाही जागा मिळाली असती. मेट्रो अगदी त्याच रेषेने गेली असती असे माझे म्हणणे नाही. आडव्या दिशेला हात पसरावयास शहरापाशी एक तरी मोकळी फट राहिली असती, एवढेच.

या गोष्टीला आता नव्वदाहून अधिक वर्षे झाली, असे कुणी म्हणेल. म्हणून मी माझ्या डोळ्यांदेखत झालेली एक गोष्ट सांगतो. ती लहान आहे.

मुलुंड ते घाटकोपर हा लालबहादूर शास्त्री मार्ग एकेकाळी कारखान्यांचा रस्ता होता, आणि पुष्कळ कारखान्यांना रेल्वेची सायडिंग होती. मुख्य लाइनीपासून एक फाटा फुटून कारखान्याच्या भिंतीतून आत येई. मी ज्या कारखान्यात लागलो त्यालाही होती. नाव सांगत नाही. आमच्या वेळेस वाघिणी येणे कमी झाले होते, पण रूळ होते, दोन्ही बाजूंना करंज आणि शिरीष वाढले होते. जेवणाच्या सुट्टीत आम्ही डबा घेऊन त्या रुळांवर बसत असू. पाळी सुटली की कॉलनीतल्या बायका-पोरे तिथे फिरत. कारखान्यातला एक फिटर आपल्या पांगळ्या मुलाला ढकलगाडीवर बसवून संध्याकाळी तिथे नेई, कारण बाहेरच्या रस्त्यावर ती गाडी चालत नसे. त्या सायडिंगवरच आमची पहिली द्वारसभा झाली. मुख्य फाटकावर पोलीस होते म्हणून.

कारखाना बंद झाला. देणी मिळवायला आम्हाला अकरा वर्षे लागली. तो विषय वेगळ्या व्याख्यानाचा. रूळ भंगारात गेले. ते ट्रकमध्ये भरले जात होते तेव्हा मी समोर उभा होतो. पहारीने फिशप्लेट उचकटल्याचा आवाज वडिलांच्या घरात वाढलेल्या माणसाला ओळखीचा असतो, पण तो दुरुस्तीचा आवाज म्हणून.

दोन वर्षांपूर्वी त्या बाजूला काम होते म्हणून गेलो. तिथे आता उंच मनोरे आहेत. सायडिंगची जागा मात्र तशीच लांबोडकी राहिली आहे; तिच्यावर लाल रबराचा धावण्याचा मार्ग केला आहे, मधे बाके, दिवे. दोन शिरीष अजून उभे आहेत. मी जाळीतून बघत होतो तोच रखवालदार आला. तरुण पोरगा, सातारकडचा.

"कुणाकडे जायचंय काका?"

मी म्हटले, "कुणाकडे नाही. हा मार्ग बघत होतो. इथं आधी रेल्वे होती."

"आत सोडता येत नाही, काका. रहिवाश्यांसाठी आहे ते."

"तू चालतोस का रे इथं?"

तो म्हणाला, "आम्हाला बाकावर बसायची पण परवानगी नाही." बारा तासांची पाळी आहे त्याची. कंत्राटदार वेगळा, पगारपत्रक मिळत नाही. त्याला मी माझा नंबर दिला आहे. त्याचे काय झाले ते आज सांगत नाही, कारण ते काम अजून चालू आहे.

मी परत येताना विचार करीत होतो की, वाट झाली, झाडे राहिली, दिवे लागले, मग मला राग कशाचा? मला राग जाळीचा आहे. ज्यांनी त्या जागी घाम गाळला त्यांना आत येता येत नाही, आणि जो आज तिथे पहारा देतो त्याला बसता येत नाही.

मोठ्या प्रमाणावर हेच न्यूयॉर्कमध्ये घडले, आणि तिथल्या लोकांनी ते मान्य केले म्हणून सांगतो. त्या शहराच्या पश्चिम अंगाला मालगाड्या रस्त्यावरूनच धावत आणि इतकी माणसे चिरडली जात की त्या रस्त्याला लोक मृत्यूचा रस्ता म्हणू लागले. गाडीपुढे लाल निशाण घेतलेला घोडेस्वार पाठवीत, तरी भागेना. म्हणून मार्ग उचलून खांबांवर नेला आणि तो सुरू झाला १९३४ साली. म्हणजे आपली अंधेरीची गाडी बंद झाली त्याच वर्षी. शेवटची मालगाडी १९८० साली गेली. रुळांमध्ये गवत वाढले. मालमत्तावाल्यांना तो पाडावयाचा होता. शेजारच्या नागरिकांनी तो वाचवला आणि २००९ पासून टप्प्याटप्प्याने त्याची लांबलचक बाग झाली. हाय लाइन तिचे नाव. फार सुंदर झाली. इतकी की आजूबाजूच्या जागांचे भाव चढले, आणि जवळच्या सरकारी चाळींत राहणारे गरीब लोक त्या बागेत फारसे फिरकेनात. ती बाग उभी करणाऱ्या दोघांपैकी एकाने २०१७ साली उघड कबूल केले की, या वस्तीसाठी आपण करावयाला हवे होते ते केले नाही. आपल्याकडे असे कबूल करणारा संस्थापक मला भेटला तर मी त्याचा सत्कार करीन.

आपल्या उपनगरातही रेल्वेचा नाही, पण तसाच लांब, सपाट आणि सार्वजनिक असा एक पट्टा आहे. तो पाण्याचा. तानसा धरणाचे पाणी १८९२ पासून मुंबईला येते. त्याच्या मोठ्या जलवाहिन्या मुलुंड, भांडुप, घाटकोपर, विद्याविहार अशा शिवकडे गेल्या आहेत. त्यांच्या काठाने मुलुंडपासून शिवपर्यंत ३९ किलोमीटरचा सायकलींचा आणि चालण्याचा मार्ग करण्याचे महापालिकेने ठरवले. कल्पना वाईट नाही. मी तर तिच्या बाजूचा आहे. जलवाहिनीच्या दोन्ही अंगांना दहा-दहा मीटर जागा मोकळी ठेवावी असा उच्च न्यायालयाचा आदेश होता, आणि एवढ्या मोठ्या शहराचे पाणी ज्या नळातून येते त्याला चिकटून घरे असू नयेत, हेही खरे.

पण त्या घरांतली माणसे कुठे गेली? विद्याविहार-घाटकोपरच्या बाजूची हजारो माणसे माहुलला नेऊन टाकली. माहुल म्हणजे तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांच्या कुशीतले गाव. ट्रॉम्बेच्या त्या जुन्या गाडीच्या टोकाकडचेच. तिथल्या हवेने माणसांच्या प्रकृतीला धोका आहे असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ सालीच म्हटले होते. २०१८ च्या ऑक्टोबरात ही मंडळी विद्याविहारला जलवाहिनीशेजारी पदपथावर येऊन बसली आणि महिनोन्महिने बसून राहिली. बायका पुढे होत्या. २०१९ साली उच्च न्यायालयाने सांगितले की, यांना माहुललाच राहा असे म्हणता येणार नाही. दुसरीकडे घर देता येत नसेल तर भाड्यासाठी दरमहा १५,००० रुपये द्या.

मी तिथे अनेकदा गेलो. एका बाईंनी मला विचारले, "भाऊ, इथं सायकली चालणार म्हणतात. चालू देत. पण माझा पोरगा सायकल घेऊन माहुलहून इथं यायचा का?" मी तीस वर्षे वाटाघाटी केल्या आहेत, व्यवस्थापनाच्या वकिलांना उत्तरे दिली आहेत. त्या बाईंना देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

चालण्याची वाट आखणाऱ्या साहेबांनी नकाशावर हिरवी रेघ ओढण्याआधी त्या रेघेखाली कोण आहे, याची मोजणी करावी आणि त्यांना तिच्या हाकेच्या अंतरावर घर द्यावे. त्यामुळे खर्च वाढतो. वाढू द्या. रखवालदाराचा पगार, सावलीची झाडे, मुतारी, पाण्याचा नळ हेही त्याच खर्चात धरावे. मुतारी नसलेली वाट बायकांना वापरता येत नाही. ही गोष्ट आराखडे करणाऱ्या पुरुषांना अजून सुचत नाही.

दुसरी एक शंका एका तरुण कार्यकर्त्याने मला घेतली, ती खरी आहे. तो यवतमाळकडचा. म्हणाला, "दादा, तुम्ही बंद रेल्वेवर बाग करायला सांगता, आमची शकुंतला मग कायमची मेली म्हणायची." शकुंतला म्हणजे मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळला आणि दुसरीकडे अचलपूरला जाणारी अडीच फुटी रुळांची गाडी. वऱ्हाडचा कापूस वाहण्यासाठी इंग्रजी कंपनीने घातली. स्वातंत्र्यानंतरही मालकी खाजगीच राहिली, हे ऐकून कुणालाही नवल वाटेल. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. गरिबांची गाडी. गेली काही वर्षे ती थांबली आहे, आणि तिथल्या लोकांना रुंद रूळ आणि गाडी परत हवी आहे. त्यांना मी बाग घ्या म्हणून सांगणार नाही. ज्याला बाजाराला जायचे आहे त्याला फिरायला जा म्हणणे हा उद्धटपणा झाला. गाडी मागण्याचा हक्क पहिला. पण गाडी येईपर्यंत पट्टा सलग राहिला पाहिजे, हे त्या पोरालाही पटले. रेल्वेच्या रिकाम्या जमिनींचा व्यापारी विकास करण्यासाठी सरकारने स्वतंत्र प्राधिकरणच केले आहे. रिकामी जमीन फार दिवस रिकामी दिसू द्यायची नसते.

इथे कुणी म्हणेल, आपल्या लोकांना असल्या वाटांची हौस कुठे आहे? आहे, आणि जीवघेणी आहे. पावसाळ्यात दूधसागरच्या धबधब्याला जाणारी तरुण मुले चालू लाइनीवरून कोसच्या कोस चालत जातात. २०२३ च्या जुलैत रेल्वे पोलिसांनी त्यांना अडवून उठाबशा काढायला लावल्या. आणि आपल्या उपनगरी मार्गांवर, कोरोनाची वर्षे सोडली तर, दरवर्षी दोन हजारांच्या वर माणसे प्राण गमावतात. त्यांतली पुष्कळ रूळ ओलांडताना. मी चावीवाल्याचा मुलगा म्हणून सांगतो, चालू रुळांवर हौसेने पाऊल टाकू नका. माझे वडील तिथे निशाण घेऊन, मागे कान ठेवून चालत, आणि तरी त्यांच्या गँगमधले दोघे गेले. म्हणूनच म्हणतो, जिथे गाडी खरोखर थांबली आहे ती वाट लोकांना मोकळी करून द्या.

अशी एक थांबलेली वाट आपल्याला जवळ आहे, खंडाळ्याखाली. बोरघाटाचा मार्ग १८५६ साली बांधावयास घेतला आणि १८६३ साली खुला झाला. साधारण १६ मैलांत १,८३१ फूट चढ, २५ बोगदे. एवढा चढ एका दमात घेता येईना म्हणून मधे डोंगराच्या सोंडेवर उलटे स्थानक केले होते. गाडी तिथे जाऊन थांबे, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागे, आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढे. १९२९ च्या सुमारास विजेची गाडी आली, नवे बोगदे झाले आणि उलटे स्थानक सुटले. गाडीच्या खिडकीतून हौशी लोक त्याच्या खुणा एकमेकांना दाखवतात, इंग्रज इंजिनियर बर्कली याचे नाव घेतात. घ्यावे, माणूस हुशार होता.

पण तो घाट फोडला कुणी? १८६१ च्या सुमारास तिथे चाळीस हजारांवर मजूर होते. पुरुष, बायका, पोरे. घाटावरचे, कोकणातले, दूरदूरचे. कड्यावरून दोराने खाली सोडून सुरुंगाची भोके पाडायला लावीत. पटकी आली की तळच्या तळ ओस पडे. त्या आठ वर्षांत तिथे सुमारे पंचवीस हजार माणसे मेली असावीत, असा अंदाज इअन केर या इतिहासकाराने केला आहे. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजूर उठले. मोठा दंगा झाला, एक गोरा माणूस त्यात ठार झाला, आणि फॅव्हिएल या कंत्राटदाराने दोन महिन्यांत काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल पंधरवड्यातच आजाराने मेला, आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवून काम पुरे केले. बर्कलीचे नाव राहिले, ट्रेडवेल बाईंचे राहिले. मजुरीसाठी उठलेल्यांपैकी एकाचेही नाव कुठे मला मिळाले नाही. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे फार लागते. मजुरी का थकली होती आणि कुणाची, एवढे लिहिलेला एक दगड त्या घाटात लागला, तर त्या वाटेने मी माझ्या नातवाला घेऊन जाईन.

तोवर आपण दुसरे काही करू. येत्या रविवारी सकाळी सहा वाजता अंधेरी पूर्वेला स्थानकाबाहेर जमायचे आहे. तिथून जुन्या गाडीच्या दिशेने, जमेल तितके तिच्याजवळून, कुर्ला, चेंबूर करीत ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यापर्यंत चालत जाऊ. वाटेत माहुलची काही मंडळी येऊन मिळणार आहेत. गाडीच्या वाटेने १३ किलोमीटर होते. आपल्याला विमानतळाला आणि भिंतींना वळसे घालावे लागतील, म्हणून थोडे जास्त धरा. पाण्याची बाटली आणा. चपला नकोत, बूट घाला. निम्मा रस्ता खणून ठेवलेला आहे.